हजेरीपट वाचण्याची विद्या

१९१५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर गेलेल्या एका चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एम. ए.च्या पदवीसाठी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय होता ईस्ट इंडिया कंपनीचा राज्यकारभार आणि तिची वित्तव्यवस्था; आणि पुढच्याच वर्षी, १९१६ च्या मे महिन्यात, त्याच विद्यार्थ्याने तिथेच गोल्डनवायझर या मानववंशशास्त्रज्ञाच्या चर्चासत्रात भारतातील जातिसंस्थेची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवर निबंध वाचला. हा विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर, हे वाचकांच्या ध्यानी आले असेलच. एकाच बुद्धीने एका वर्षी खजिन्याचा हिशेब तपासावा आणि दुसऱ्या वर्षी बेटीबंदीचा, यात आंबेडकरांना स्वतःला काही विलक्षण वाटले असेल असे दिसत नाही. विलक्षण वाटते ते आम्हांला, कारण आमच्या विद्यापीठांनी या दोन चौकशांना पुढे दोन निरनिराळ्या विभागांत, दोन निरनिराळ्या परीक्षामंडळांपुढे आणि पुष्कळदा दोन निरनिराळ्या इमारतींत नेऊन बसविले. सामाजिक विकास आणि लोकप्रशासन यांचा एकत्र अभ्यासक्रम आज जो ठिकठिकाणी पदव्युत्तर पातळीवर सुरू झालेला दिसतो, तो म्हणजे ही ताटातूट मिटविण्याचा एक उशिराचा आणि काहीसा अवघडलेला प्रयत्न होय.

ताटातूट झाली कशी, हे पाहण्यासाठी दोन्ही शास्त्रांची कुळकथा थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. लोकप्रशासनाचे शास्त्र आपला जन्म १८८७ सालचा मानते. त्या वर्षी वूड्रो विल्सन यांनी, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, प्रशासनाच्या अभ्यासावर एक लेख लिहिला आणि राज्यकारभार चालविणे हे राजकारणाहून वेगळे, शिकता येण्याजोगे शास्त्र आहे असा पक्ष मांडला. आपल्याकडे लखनौ विद्यापीठाने १९३० च्या सुमारास राज्यशास्त्राच्या एम. ए.त या विषयाला जागा दिली, मद्रास विद्यापीठाने १९३७ साली पदविका सुरू केली, आणि लोकप्रशासन व स्थानिक स्वराज्य यांचा स्वतंत्र विभाग उघडण्याचा मान १९४९-५० च्या सुमारास नागपूर विद्यापीठाकडे गेला. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होते, सचिवालय हाकेच्या अंतरावर होते, आणि स्वराज्य नुकतेच आलेले असल्यामुळे इंग्रजांनी मागे ठेवलेला गाडा आता हाकायचा कसा, हा प्रश्न केवळ पुस्तकी राहिलेला नव्हता. १९५३ साली पॉल ॲपलबी या अमेरिकन तज्ज्ञाने भारतीय प्रशासनावरचा आपला अहवाल दिला आणि त्याच्या शिफारशीतून पुढच्या वर्षी दिल्लीस भारतीय लोकप्रशासन संस्था उभी राहिली.

दुसऱ्या घराण्याचा, म्हणजे सामाजिक विकासाच्या विद्येचा, उगम मुंबईच्या चाळींत आहे. १९११ साली ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन करून गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये आणि दवाखाने चालविले; त्यानंतर पाव शतकाने, १९३६ साली, भायखळ्याजवळच्या नागपाड्यात क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या संचालकत्वाखाली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली, १९५४ साली देवनारला गेली आणि १९६४ साली अभिमत विद्यापीठ ठरली. या शाळेची पहिली पदविका होती ती समाजसेवेच्या प्रशासनाची. म्हणजे प्रारंभी तरी संस्थापकांच्या मनात दया आणि दप्तर यांचे वैर नव्हते. ते पुढे विषयांच्या वाटण्या झाल्या तेव्हा निर्माण झाले. एका बाजूस व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, तर दुसऱ्या बाजूस सेवाभरती, अर्थसंकल्प, पदसोपान, असा मामला झाला आणि दोन्हीकडचे विद्यार्थी एकमेकांना अनुक्रमे भाबडे आणि कोरडे समजू लागले.

या दोघांना पुन्हा एका मांडवाखाली आणण्याचे श्रेय मात्र विद्यापीठांना देता येत नाही, ते शासनाच्या स्वरूपात झालेल्या पालटाचे आहे. इंग्रजी अमदानीतला मामलेदार मुख्यतः वसुलीचा आणि बंदोबस्ताचा धनी होता. जमाबंदी वेळेवर झाली, फौजदारी मुकदमे निकालात निघाले आणि साथ आली तेव्हा वर्दी वर गेली, की त्याचे कर्तव्य संपले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास योजनेचा आरंभ झाला आणि त्याच सरकारवर एक अगदी निराळी जोखीम येऊन पडली: लोकांनी सुधारित बी पेरावे, विहिरीत औषध टाकावे, मुलीला शाळेत धाडावे. हुकूम सोडून यांतले काहीच होत नाही. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने हे काम लोकनियुक्त संस्थांच्या हाती द्या असे सांगितले. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीने १९६१ साली त्याला आपले वळण दिले आणि मेहतांनी तालुका पातळीवर टाकलेला भर उचलून जिल्ह्यावर ठेवला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, कलेक्टर त्यांच्या बाहेर राहिला आणि मुख्य कार्यकारी अधिकारी नावाचा एक सनदी अधिकारी निवडून आलेल्या अध्यक्षाशेजारी बसू लागला. या दोन खुर्च्यांमधले अंतर हाच पुढे प्रशासनशास्त्राच्या कित्येक प्रबंधांचा विषय झाला, आणि त्यांतले बरेचसे प्रबंध, खरे सांगायचे तर, अध्यक्ष आणि अधिकारी यांच्या रुसव्याफुगव्यांपलीकडे गेले नाहीत.

आता वर्गात प्रत्यक्ष काय शिकवितात ते पाहू. दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमात पहिले काही महिने सिद्धान्तांचे असतात. जर्मनीचा मॅक्स वेबर नोकरशाहीचे आदर्श रूप सांगतो. ल्यूथर ग्यूलिक प्रशासकाच्या सात कामांची आद्याक्षरे जुळवून एक शब्द तयार करतो, जो परीक्षार्थी विद्यार्थी जन्मभर विसरत नाहीत. हर्बर्ट सायमन १९४७ साली असल्या सूत्रांची सालटी काढतो आणि म्हणीसारखी ही सूत्रे परस्परविरोधी असतात हे दाखवितो. आमच्या मते या मंडळींत आपल्या देशास सर्वांत उपयोगी पडणारा माणूस फ्रेड रिग्ज हा होय. जुनी समाजरचना पुरती विरलेली नाही आणि नवी पुरती बसलेली नाही, अशा संक्रमणावस्थेतल्या देशांत नियम एक सांगतो आणि व्यवहार दुसरेच करतो, ही तफावत अपवादात्मक नसून त्या व्यवस्थेचे अंगभूत लक्षण आहे, हे त्याचे प्रतिपादन. तालुक्याच्या कचेरीत एखाद्या दाखल्यासाठी ज्याने दोनदा जोडे झिजविले आहेत, त्याला ते पटवून द्यावे लागत नाही. विकासाच्या बाजूने मग अमर्त्य सेन येतात, महबूब उल हक यांच्या प्रेरणेने १९९० पासून निघू लागलेला मानव विकास अहवाल येतो, दारिद्र्यरेषेची गणिते येतात. ती गणिते शिकविताना पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांच्या १९७१ सालच्या ग्रंथापासून आरंभ करणारा अध्यापक आम्ही शहाणा समजतो. कारण ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि नागरी भागातील सुमारे ५० टक्के लोक किमान गरजेच्या खाली आहेत एवढे सांगून ते दोघे थांबले नाहीत, तर मागेल त्याला काम द्यावयाचे झाल्यास खर्च किती येईल याचा हिशेबही त्यांनी मांडला.

आणि इथे आपण या विद्येच्या खऱ्या शाळेपाशी येऊन पोहोचतो. ही शाळा म्हणजे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना.

तिचे मूळ सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात आहे. विसापूरचे वि. स. पागे, जे १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते, त्यांच्या पुढाकाराने १९६५ साली त्या भागात काम मागणाऱ्यास काम देण्याचा प्रयोग झाला. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा हा प्रयोग लहान राहू शकला नाही. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, यांवर माणसे लोटली आणि १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांच्या घरात गेली. मदतीच्या सुकडीचा आणि तांबड्या मिलो ज्वारीचा तो काळ ज्यांनी पाहिला, त्यांची पिढी आता वृद्ध झाली आहे. परंतु मराठवाड्यातल्या आणि पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतल्या कित्येक तलावांच्या भिंती त्याच हातांनी घातलेल्या आहेत. दुष्काळ ओसरल्यावर मदतकार्य बंद करण्याची सरकारी रीत असते. महाराष्ट्राने ती मोडली, १९७७ साली विधिमंडळात कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आणला.

विद्यार्थ्याने हा कायदा दोनदा वाचावा; एकदा हक्क म्हणून आणि एकदा यंत्र म्हणून. हक्क म्हणून वाचला तर तो सरळ आहे: ग्रामीण भागातल्या प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे अकुशल काम मागितले की पंधरा दिवसांत ते द्यावयाचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा. यंत्र म्हणून वाचू गेल्यास त्याची चाके दिसू लागतात. पैसा कुठून आणावयाचा, तर १९७५ चा व्यवसाय कर आणि त्याच्या बरोबरीने राज्याचे अनुदान. म्हणजे मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून महिन्याला कापल्या जाणाऱ्या आणि फेब्रुवारीत का कोण जाणे थोड्या वाढणाऱ्या त्या रकमेचा (तिचे कारण पगारपत्रकावर बहुधा कोणी वाचत नाही) मूळ संबंध जतच्या किंवा आष्टीच्या खडीशी होता. मजुराची नोंद आणि मागणी महसूल खात्याने पाहावयाची आणि काम पाटबंधारे, बांधकाम, कृषी, वन या खात्यांनी काढावयाचे, अशी दोहोंकडे विभागणी. तिचा गुण असा की एकाने दुसऱ्यावर नजर ठेवावी, आणि दोष असा की मजूर तहसीलदाराकडे गेला तर काम अभियंत्याकडे आणि अभियंत्याकडे गेला तर मंजुरी तहसीलदाराकडे. किमान ५० मजूर असल्याशिवाय नवे काम उघडावयाचे नाही, हा आणखी एक नियम. खर्चाच्या शिस्तीच्या दृष्टीने तो रास्त होता. पण तीस मजुरांच्या वाडीला तो नियम म्हणजे नकारच होता, आणि वाड्या कोणत्या जमातींच्या असतात हे महाराष्ट्रात सांगावे लागत नाही.

हजेरीपट ही या यंत्रातली सर्वांत साधी वस्तू. आडवा लांबट कागद, डावीकडे मजुराचे आणि बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, पुढे तारखांची घरे, शेवटी भरलेले दिवस, मजुरीची रक्कम आणि सही अथवा डाव्या हाताचा अंगठा. तळाशी हजेरी सहाय्यकाची सही, त्याखाली तपासणाऱ्याची. प्रशासनाच्या विद्यार्थ्याला यात लेखाविषयक पुरावा दिसतो: कोणत्या तारखेस किती माणसे कामावर होती, किती रक्कम वाटली गेली. हाच कागद समाजाचा अभ्यास करणाऱ्याने हाती घेतला म्हणजे त्याला दुसरीच अक्षरे दिसतात. एकाच आडनावाच्या ओळी एकाखाली एक का आल्या आहेत? बाईच्या नावापुढे अंगठा आहे, पण तिच्या दिराच्या नावापुढेही अगदी तसाच अंगठा का? आश्विनात पट भरलेला आणि कार्तिकात एकाएकी अर्धा कसा झाला? ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे गेल्या, की मुकादमाचे आणि गावच्या पुढाऱ्याचे बिनसले? आणि मजुरी मोजमापावर ठरत असल्यामुळे हजेरीपट एकटा वाचून भागत नाही; त्याच्या शेजारी अभियंत्याची मोजमाप पुस्तिका उघडावी लागते, तिथे माती मऊ धरली की मुरमाड, खड्ड्यापासून बांधापर्यंतचा लीड, म्हणजे वाहण्याचे अंतर, किती आणि लिफ्ट, म्हणजे चढ, किती लावला, हे पाहावे लागते. कागदोपत्री स्त्री आणि पुरुष यांचा दर एकच होता. पण पुरुष खणतो आणि बाई पाट्या वाहते, मोजमाप होते ते टोळीच्या खड्ड्याचे, आणि वाटणी होते ती टोळीत. तेव्हा समान दराचे पुढे काय झाले हे मोजमाप पुस्तिकेत सापडत नाही, ते संध्याकाळी टोळीतल्या बायकांना विचारावे लागते.

या योजनेवरच्या अर्थशास्त्रीय लेखनात विद्यार्थ्याने चुकवू नये असा एक अभ्यास आहे. १९८८ साली किमान वेतनात वाढ झाल्यामुळे हमीच्या कामांवरची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. सामान्य तर्काने मजुरी वाढली की काम मागणारे वाढावेत. प्रत्यक्षात कामावरची हजेरी घटली. मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्यांचे सहकारी गौरव दत्त व शुभम चौधरी यांनी आकडे तपासून १९९३ साली दाखविले की लोकांनी काम मागणे सोडले नव्हते, तर खर्चाला आवर घालण्यासाठी यंत्रणेनेच कामे कमी उघडली होती. कायद्याचे एक अक्षर बदलले नाही, हमी कोणी काढून घेतली नाही, तरी हमी आकसली. ती कुठे आकसली? मागणीचा अर्ज घेण्यात, अर्जाची पावती देण्यात, कामाचा आराखडा मंजुरीस पाठविण्यात. पावती नाही म्हणजे तारीख नाही, तारीख नाही म्हणजे पंधरा दिवस मोजावयाचे कुठून हा प्रश्न, आणि म्हणून बेकारी भत्त्याचा दावाही नाही. कारकुनाने चार ओळींची पोच न दिल्याने एका कायद्याचा प्राण कसा जातो, हे रिग्जच्या ग्रंथापेक्षा इथे स्वच्छ कळते. २००५ साली केंद्राने जेव्हा सबंध देशासाठी वर्षाला शंभर दिवसांच्या रोजगाराचा कायदा केला, तेव्हा तारखेची पोच देण्याचे बंधन त्यात घातले गेले.

या विद्येची दुसरी शाळा कोयनेच्या काठी आहे, आणि तिच्याबद्दल आम्हांला अधिक ममत्व वाटते, कारण ती बांधली डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्वे यांनी. कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केली आणि ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. धरण म्हणजे विकास, याविषयी त्या काळी फारसा कोणाचा वाद नव्हता. प्रशासनाच्या लेखी पुनर्वसन म्हणजे बुडालेल्या जमिनीचे मूल्यांकन आणि मोबदल्याची रक्कम. इरावतीबाई मानवशास्त्रज्ञ होत्या. त्यांची दृष्टी गेली ती गाव उठल्यावर भाऊबंद कुठे कुठे पांगले, सोयरीक कशी तुटली, ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्यांचे काय झाले, इकडे. महाराष्ट्राने १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, देशातला तो अशा प्रकारचा पहिला. तो या एका पाहणीमुळे झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, त्यामागे धरणग्रस्तांच्या चळवळी होत्या. परंतु जमिनीचा सातबारा आणि कुटुंबाची वंशावळ ही दोन्ही कागदपत्रे समोर ठेवून एकच प्रश्न विचारण्याची रीत तिथे दिसते, आणि तीच या पदवीने शिकवावयाची गोष्ट आहे.

ती शिकविली जाते का? काही ठिकाणी जाते. समाजकार्याच्या जुन्या संस्थांनी, म्हणजे देवनारची टाटा संस्था, मुंबईचे निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था यांनी, क्षेत्रकार्याची परंपरा घालून दिली आहे. आठवड्याचे दोन दिवस विद्यार्थी वस्तीत, रुग्णालयात किंवा पंचायतीत घालवितो आणि त्याचा वृत्तान्त लिहून आपल्या पर्यवेक्षकास दाखवितो. लोकप्रशासनाच्या विभागांत ही परंपरा क्षीण आहे, आणि तिथले लघुप्रबंध बहुधा शंभर जणांना वाटलेल्या प्रश्नावलीवर निभावून नेले जातात. ‘ग्रामपंचायतीच्या कामकाजाबद्दल आपण पूर्ण समाधानी, समाधानी, तटस्थ, असमाधानी की पूर्ण असमाधानी?’ असे सरपंचाच्या ओटीवर बसून विचारले तर उत्तर काय येणार हे सांगण्यास संख्याशास्त्र लागत नाही. त्यातच १९८७ साली केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला लोकप्रशासन हा वैकल्पिक विषय घेता येऊ लागला, तेव्हापासून वर्गात दोन जातींचे विद्यार्थी बसतात; एक विषयासाठी आलेले आणि दुसरे विषयाच्या आडून परीक्षेसाठी आलेले. दुसऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत रात्रंदिवस बसणाऱ्या त्या मुलांपैकी कोणी उद्या गटविकास अधिकारी होईल, आणि त्या खुर्चीत बसण्यापूर्वी त्याने एकदा तरी हजेरीपट समाजशास्त्रज्ञाच्या डोळ्यांनी वाचलेला असणे हे तालुक्याच्या हिताचेच आहे.

लघुप्रबंधाचा विषय निवडणाऱ्यास एवढेच सांगावेसे वाटते की त्याने जिल्हा घेऊ नये, तालुका घ्यावा, आणि तालुक्यातही एकच दप्तर धरावे: वनहक्काचे दावे, अंगणवाडीची पोषण नोंदवही, किंवा संजय गांधी निराधार योजनेचे नामंजूर अर्ज. नामंजूर अर्ज विशेषतः, कारण मंजूर अर्जाचा अहवाल शासन स्वतःच छापते. माहितीचा अधिकार महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने आणि देशभर २००५ च्या कायद्याने मिळाला असल्यामुळे हे कागद मागता येतात. अर्जाला दहा रुपयांचा मुद्रांक लागतो, तीस दिवसांची मुदत असते, आणि नकलेची फी भरण्यापूर्वी दप्तर प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी मागितली तर निम्म्याहून अधिक काम तिथेच होते. ते दप्तर मराठीत असते, ‘मंजूर नाही, त्रुटी पूर्ततेअभावी’ अशा त्रोटक शेऱ्यांनी भरलेले असते, आणि शेऱ्यात जी त्रुटी लिहिलेली नसते तिच्यासाठी अर्जदाराच्या गावी जावे लागते. म्हणून तालुक्याहून सुटणाऱ्या एस. टी.चे वेळापत्रक पाहूनच कचेरीतल्या कामाचे दिवस ठरवावेत, कारण मुक्कामाची गाडी गावात पोहोचते ती बहुधा अंधार पडल्यावर, आणि मजुरी करणारी माणसे घरी भेटण्याची वेळही तीच असते.